नामाच्या विहिरीचं पाणी

मंचरला कांद्याच्या गोण्या उतरवत होतो तेव्हा संदीपचा फोन आला. "आण्णा, मामा गेले." संदीप म्हणजे नामाचा जावई. मी म्हणालो, "असा कसा जाईल? आमचा निकाल लागायचाय अजून." आणि फोन ठेवून दिला...

नामा आणि मी वारूळवाडीचे, बांधाला बांध. त्याच्याकडं मेंढरं, माझ्याकडं कांदा. शिक्षण दोघांचं सारखंच, म्हणजे नसल्यासारखं, पण चवीच्या बाबतीत आम्ही कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हतो. संदीप पुण्यात एका छोट्या कारखान्यात बिअर बनवतो. उन्हाळ्यात त्यानं तीन तऱ्हेच्या बाटल्या आणल्या. तोवर आम्हाला बिअर म्हणजे एकच, गार आणि कडू. पण एकीला संत्र्याच्या सालीचा वास, दुसरीला करपलेल्या भाकरीचा. तिसरी आंबट. नामा म्हणाला, "नासलीय, वत तिकडं." मी म्हणालो, "आंबील पितोस तवा नासत न्हाई व्हय?" संदीप हसायला लागला. ती मुद्दामच आंबट केलेली होती. नामानं गिलास पुन्हा भरला.

मग वाद पेटला, चव येते कशानं? संदीपनं सांगितलं, जवाला मोड आणून, वाळवून भाजतात, पाण्यात शिजवतात, हॉप्स नावाचं कडू फूल टाकतात आणि आंबवतात. नामा म्हणाला, "भाजण्यात हाय समदं. भाजणी करपली की थालीपीठ कुठल्याबी पाण्यात मळ." मी म्हणालो, "पाण्यात हाय. पुण्यातला च्या हितल्यासारखा लागतो का?" तर म्हणतो, "तुझ्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई राव, बिअर काय शिजणार!"

हे मला लागलं. दोन्ही विहिरींचा एकेक कॅन भरून मी संदीपच्या गाडीत ठेवला. जव तेच, भाजणं तेच, फक्त पाणी वेगळं. हरेल त्यानं चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत कबूल करायचं. बिअर मुरत होती, तेवढ्यात नामा छातीच्या दुखण्यानं गेला.

तेराव्यानंतर संदीप दोन बाटल्या घेऊन आला. नामाच्या विहिरीवरच बसलो. माझ्या पाण्याची कडक, कडूपणा जिभेला धरून बसणारा. नामाच्या पाण्याची मऊ, आणि घोट उतरल्यावर भाजलेल्या धान्याचा वास मागनं येतो...

"कोण जिंकलं, आण्णा?"

"मी. पाण्यानं फरक पडतो."

"आणि चांगली कुठली?"

मी दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन दोन्ही सांगितलं. वाद माझा, बिअर नामाची. हसणारे हसले.

नामाचा स्टीलचा गिलास अजून त्याच्या विहिरीच्या कठड्यावर पालथा असतो. सकाळी मी तिथं गिलासभर पाणी पितो, तो तसाच पालथा घालतो आणि कळशी भरून घरी आणतो. आमची डाळ हल्ली त्याच पाण्यात शिजते. लवकर शिजते. नामा असता तर हे मी मेलो तरी लिहिलं नसतं.