सहा मिनिटांत लोनप्पन

आमच्या लोनप्पनचेट्टनचं पोट निदान दोनशे वेळा तपासलं गेलं असेल, आणि प्रत्येक वेळी ते ठणठणीत निघालं. घड्याळ माझ्याच हातात असायचं, म्हणून ठामपणे सांगते.

चेट्टन माझा थोरला भाऊ. ओल्लूरच्या कौलांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्याने भट्टी सांभाळली. बायको लवकर गेली, पदरात एकुलती एक रोस्मी. म्हणून मी, गणिताची बिनलग्नाची मास्तरीण, त्याच्याकडे राहायला आले ती कायमचीच. माणूस साधा. गर्व दोनच गोष्टींचा: त्याच्या भट्टीतलं कौल कधी वाकडं निघालं नाही, आणि लेक डॉक्टर झाली.

रोस्मीला कॅन्सरची डॉक्टर व्हायचं होतं, तेही विलायतेत शिकून. त्यासाठी आधी तिथली तीन टप्प्यांची परीक्षा. दोन लेखी टप्पे तिने पार केले. तिसऱ्यात खरा रुग्ण, हातात सहा मिनिटं, आणि शेजारी दोन परीक्षक. पहिल्या खेपेला ती तिथेच आपटली. वेळ पुरला नाही. आठ दिवस पोरगी धड जेवली नाही.

मग मी कंबर कसली. रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना उरकली की चेट्टन बनियन काढून बाकावर आडवा व्हायचा. "या डॉक्टरीणबाई, मढं तयार आहे."

"अप्पन! मढं नाही, रुग्ण!" रोस्मी करवादायची.

हात, डोळे, मान, मग पोट. बोटं फिरवता फिरवता तोंडाने परीक्षेतली वाक्यं: "कावीळ नाही. मानेत गाठी नाहीत. यकृत हाताला लागत नाही." तिच्याबरोबरची सगळीच मुलं असं करत, कुणी नवऱ्याला झोपवी, कुणी सासूला. निरोगी माणसावर सराव, म्हणजे उत्तरं आधीच पाठ!

"सहा मिनिटं चाळीस सेकंद!" मी ओरडायचे. "मानेपाशी काय घर बांधतेस? आटप!"

ती आटपायला शिकली. बोटं गळ्याभोवती नुसती भिरभिरायची, आणि पोटाला वेळ उरायचा. पहिल्यांदा सहा मिनिटांच्या आत आली त्या दिवशी मी तिला गोड, कुरकुरीत अच्चप्पम तळून घातले.

ईस्टरनंतर चेट्टनचं जेवण कमी झालं. दोन घास भात-मासळी खाल्ली की ताट सरकवायचा. मुंडू कमरेवर ठरेना. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा."

"घरात डॉक्टर आहे की! रोज तपासते, रोज सांगते काही नाही. आणखी कुणाकडे जाऊ?"

परीक्षेला बारा दिवस राहिले तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. सदऱ्याची गुंडी काढून गळ्याच्या डाव्या हाडापाशी बोट ठेवलं. "त्रेस्या, बघ गं जरा. इथे वाटाण्याएवढं काहीतरी लागतंय. रोस्मीला सांगू का?"

मी मासे साफ करत होते. मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "कालच म्हणाली ना, मानेत गाठी नाहीत? पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नकोस. परीक्षा होऊ दे."

"खरंच की," म्हणून त्याने गुंडी लावली.

बाई गं, तेव्हा कुणीतरी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

रोस्मी पास झाली. चेट्टनने गल्लीभर केक वाटला, स्वतः एक तुकडा खाल्ला आणि ओकला. तेव्हा कुठे ती त्याला इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने सावकाश मान चाचपली. डाव्या बाजूला त्याचा हात थांबला आणि त्याने रोस्मीकडे पाहिलं.

चेट्टन हसून म्हणाला, "तिथे काही नाही हो. लेक रोज बघते."

रोस्मीने पुढे होऊन स्वतःची बोटं तिथे टेकवली.

जठराचा कॅन्सर, मानेपर्यंत पोचलेला. दोन महिने आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. खरं बोलले की आमची समजूत घातली, कोण जाणे. ओणम झाल्यावर दोन आठवड्यांनी चेट्टन गेला. स्वयंपाकघरातली ती गोष्ट त्याने शेवटपर्यंत लेकीजवळ काढली नाही. माझी लाज राखली.

रोस्मी विलायतेतली जागा सोडायला निघाली होती. मी भांडभांड भांडून तिला पाठवली. आता ती तिथे कॅन्सरच्या वॉर्डात शिकते आणि दर रविवारी फोन करते. दोन मिनिटं हवापाण्याचं बोलते, मग तेच: "अम्मायी, रोज माझी बोटं तिथून जात होती. मला कशी लागली नाही गं?"

त्याला लागली होती, तो सांगायला आला होता, आणि मी परत पाठवला, एवढंच तर म्हणायचंय. तिचं अर्धं ओझं उतरेल. पण मग ती माझ्याशी बोलेल का? आणि तिच्याशिवाय मला आता आहे कोण?

गेल्या रविवारी शब्द अगदी जिभेवर आले होते.

"अम्मायी, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "जेवलीस का तू?"