बिनदेवीचा डोंगर

परभणी जिल्ह्यात डोंगर आहेत हे मला पुण्याकडच्या एका शिबिरात कळलं. तोवर ते पाहिले नव्हते असं नाही. गंगाखेडला आमच्या शाळेच्या गच्चीवरून दक्षिणेकडं बालाघाटची रांग रोज दिसायची. पण आमच्या लेखी ती सीताफळं येतात ती बाजू होती. तिकडं मुद्दाम जायचं, चढायचं आणि काहीही न आणता परत यायचं, हे कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

शिबिर होतं शिक्षिकांचं. मुलींची गिर्यारोहणाची पथकं कशी चालवावीत हे शिकवायचं. शाळेनं मला आणि माझ्या मैत्रिणीला पाठवलं, कारण मी बिनलग्नाची आणि तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. म्हणजे शाळेच्या दृष्टीनं आम्ही दोघी रिकाम्या होतो. तिथं आम्हाला पहाटे उठवून गड चढायला लावायचे. पहिल्या दिवशी मैत्रीण रडली. चौथ्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढं होती. परत आलो ते पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पायांची खोड घेऊन.

पथक काही निघालं नाही. पालक म्हणाले, पोरींना डोंगरात कशाला न्यायचं? हेडमास्तरांना तेच हवं होतं. उरलो आम्ही दोघी. रविवारी सकाळच्या एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, पळसाच्या रानातून शेरडांच्या वाटेनं वर चढायचं. वर सपाट माळ, कुसळी गवत आणि लांब खाली गंगेचं पात्र. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. तिथं बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि दुपारच्या गाडीनं परतायचं. एवढंच.

एवढंच असणं हीच अडचण होती. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "कुठं जायलात बाई?" "वर." "वर काय हाय?" वर काही नाही, हे उत्तर कुणाला पटायचं नाही. सरपणाला जाणाऱ्या बायकांनी तर आमच्याकडं फार कीव येऊन पाहिलं. दोन पगारदार बाया, आणि डोकं फिरलेलं.

मैत्रीण जमीनदार मराठ्यांच्या घरची सून. तिच्या सासूनं दोन रविवार काही म्हटलं नाही. तिसऱ्या रविवारी दारातच विचारलं. मैत्रीण मला नंतर म्हणाली, "मला खरंच दुसरं काही सुचलं नाही गं. म्हणलं, नवस बोललेय. डोंगरातल्या देवीला."

"कोणत्या देवीला?"

"तेच तर. डोंगरातल्या."

सासूचा चेहरा म्हणे एकदम मऊ झाला. कितीतरी वर्षं ती सुनेला सगळ्या देवादिकांना नवस बोल म्हणून सांगत होती आणि सून ऐकत नव्हती. आता आपण होऊन बोलली होती. पुढच्या रविवारपासून सासू स्वतः पिशवी भरून द्यायला लागली. नारळ, हळदकुंकू, खणाचा तुकडा, वर उपवासाचं म्हणून शेंगदाण्याचे लाडू. आम्ही वर बसून नारळ फोडायचो आणि खायचो. खण साठत गेले. मैत्रिणीनं त्यांची उशी शिवून माझ्या घरी ठेवली. हसायची ती, पण एकदा नारळ खाता खाता म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याशी इतक्या चांगल्या वागायलेत."

तिचं असं सुखात चाललं होतं, तोवर त्या नारळानं मला धरलं. मी बौद्ध घरातली. वडील पूर्णेला रेल्वेत होते. ते गेल्यावर आई आणि मी गंगाखेडला मामांच्या आधारानं राहत होतो. मामा तहसिलीत कारकून. छप्पन सालानंतर घरातले देव त्यांनी पोरवयात स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. नामांतरासाठी ते जेलात जाऊन आले होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळेपर्यंत पायात चामड्याची वहाण घालणार नाही म्हणून रबरी चपला घालायचे. अशा माणसाची भाची दर रविवारी नारळ घेऊन डोंगरातल्या देवीला जाते, ही बातमी फाट्यावरून वस्तीत यायला वेळ लागला नाही.

मामा घरी आले, बसले. आईनं चहा ठेवला.

"मी काय ऐकायलो?" ते म्हणाले.

"फिरायला जाते मामा."

"फिरायला. डोंगरात."

"हो."

"नारळ घेऊन?"

नारळ मैत्रिणीचा, नवस खोटा, देवी नाहीच, हे सगळं मी सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. तहसिलीत वर्षानुवर्षं लोकांची निवेदनं ऐकल्यामुळं त्यांची ऐकण्याची तऱ्हा तशी झाली होती. शेवटी म्हणाले, "असं कुणी करत न्हाई. या रविवारी मी येतो."

त्याच रविवारी मैत्रिणीच्या सासूनंही देवीची ओटी भरायला यायचं ठरवलं होतं. एसटी स्टँडवर मैत्रीण मला दिसली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. शेजारी नऊवारीतल्या सासूबाई, हातात मोठं गाठोडं. माझ्या शेजारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले, छत्री घेतलेले मामा. एकीला देवी पाहायची होती, दुसऱ्याला ती नसल्याची खात्री करून घ्यायची होती, आणि दोघांना नेणार होतो आम्ही.

सासूबाई अनवाणी सरसर चढल्या. मामांना पहिल्याच चढाला धाप लागली. वाटेत धावड्याच्या एका झाडाच्या सावलीत त्यांना बसावं लागलं, तेव्हा सासूबाई त्यांच्यासाठी थांबल्या.

"घरात कुणी आजारी हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग कशापायी चढायलात?"

"देव न्हाई हे पाहायला."

सासूबाईंनी त्यांच्याकडं, मग उरलेल्या चढाकडं पाहिलं. "न्हाई ते पाहायला एवढं वर कशाला जावं?" त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मामा छत्री टेकत उठले.

माळावर पोचलो. नेहमीसारखंच काही नव्हतं. मैत्रिणीनं माझा दंड घट्ट धरला. ती खरं सांगायच्या तयारीत होती, मला ते तिच्या बोटांवरून कळत होतं. पण सासूबाईंनी कुणाला विचारलंच नाही. त्या माळावर इकडंतिकडं फिरल्या, एका बोरीखाली उभ्या असलेल्या काळ्या दगडापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हीच का गं?"

मैत्रीण म्हणाली, "हो."

मग पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, खण नेसवला. दहा मिनिटांत त्या दगडाला मान आला. सासूबाईंनी पदर पसरून डोळे मिटले आणि बराच वेळ काहीतरी मागितलं. मैत्रिणीनं हात जोडले. मामा दगडाकडं पाहत नव्हते, माझ्याकडं पाहत होते. मी हात मागं बांधून उभी होते. त्यांचा चेहरा सैल झाला.

मग प्रसाद आला. सासूबाईंनी सुनेच्या हातावर खोबरं ठेवलं. माझ्या आणि मामांच्या हातावर वरून, अंतर राखून टाकलं. देवी होऊन तास झाला नव्हता, तोवर तिच्या प्रसादाला विटाळही समजायला लागला होता. मामांनी तो तुकडा क्षणभर पाहिला आणि छत्रीशेजारी गवतावर ठेवून दिला. मी माझा खाल्ला. दर रविवारी खात होते तोच नारळ होता. मैत्रिणीनं हे पाहिलं. उतरताना ती सासूच्या शेजारून चालली नाही, माझ्याबरोबर मागं राहिली.

मामांनी वस्तीत सांगितलं, पोरगी फक्त फिरायला जाते, मी डोळ्यांनी पाहिलं. लोकांनी मान डोलावली. विश्वास कुणाचाच बसला नाही. देवीला जाते हे त्यांना निदान समजत तरी होतं.

वर्षभरात मैत्रिणीला दिवस गेले. ते कसे, हे गावात तीनच माणसांना माहीत होतं. ती आणि तिचा नवरा नांदेडच्या डॉक्टरांकडं जात होते, आणि डॉक्टरांनी औषधं तिला नव्हे, नवऱ्याला दिली होती. हे सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला तर देवी फारच बरी वाटली. बोरीखालच्या दगडावर पत्र्याचं पहिलं शेड त्यानंच घातलं.

मुलगी झाली. मग इतर बायका यायला लागल्या. पायऱ्या झाल्या, समिती झाली, चैत्रात जत्रा भरायला लागली. पायथ्यापर्यंत एसटी सुरू झाली आणि आमच्या शेरडांच्या वाटेवर नारळाची दुकानं लागली. समितीनं मैत्रिणीचा खणनारळ देऊन सत्कार केला. व्यासपीठावर कुणीतरी सांगितलं की ताईंना देवीनं स्वप्नात दृष्टांत दिला होता. मैत्रीण खाली मान घालून बसली होती. लोकांना वाटलं, भक्तीनं.

"मला एकदा उठून सांगावंसं वाटलं," ती मला म्हणाली.

"मग?"

"मग समोर त्या बसल्या होत्या, पोरीला मांडीवर घेऊन."

तिला पुन्हा रविवार मिळाले नाहीत. लेकरू, मग सासूचं दुखणं, मग नवऱ्याची निवडणूक. पांढरे बूट तिनं मला दिले. ते मला घट्ट व्हायचे.

मला सोबत मिळाली ती मामांची. त्यांना साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. गावात हातपाय हलवत चालणं त्यांना हास्यास्पद वाटायचं. म्हणाले, तुझ्या त्या डोंगरात नको, दुसरा कोणता असला तर चल. दुसरे पुष्कळ होते. आम्ही पूर्वेकडची, डोंगराची बिनपायऱ्यांची एक सोंड धरली. वर्षानुवर्षं चढलो. धाप कमी झाली तसं ते बोलायला लागले. जेलातल्या गोष्टी, अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत वस्त्या जळाल्या तेव्हाच्या. घरी ते हे कधी बोलले नव्हते.

नामांतराचा निर्णय झाला त्या जानेवारीत वस्तीत गुलाल आणि पेढे होते. त्यानंतरच्या रविवारी मामा सकाळीच आले. पायात नव्या कोऱ्या चामड्याच्या वहाणा. चढाला त्या चावत होत्या. माथ्यावर त्यांनी त्या काढून ठेवल्या आणि गंगेकडं तोंड करून बसले.

"नामांतर मागितलं होतं," ते म्हणाले, "दिला नामविस्तार."

"म्हणजे अर्धंच का?"

"नाव पूर्ण आलं. जुनंही ठेवलं. दोघांनाही राजी ठेवायचं असलं की असंच करतात." मग खिशातून कागदात गुंडाळलेला पेढा काढला, त्याचे दोन भाग केले आणि मोठा मला दिला. "साखर हाय मला. आईला सांगू नको," म्हणाले, आणि आपला भाग सावकाश खाल्ला.