माझ्याकडे बघून बोला

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं मागून ‘दुर्बीण’ म्हणत. कुणी बोलायला उभं राहिलं की बाई मान पुढे काढून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत, म्हणून. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आणि ते कुणी ठेवलं तेही. ती मुलगी पहिल्या बाकावर बसे आणि ऊठसूट हुज्जत घाली, म्हणून तिला सगळे ‘वकील’ म्हणत. दोघी एकमेकींना ओळखून होत्या.

बाईंचे कान गेले होते. एकदम नाही, चार वर्षांत हळूहळू. नसच सुकली आहे, यंत्राचा उपयोग बेताचाच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी बाईंनी यंत्र घेतलं. वर्गात ते लावलं की बाकांचा खरखराट आणि वह्यांचा फडफडाट दुपटीनं डोक्यात शिरे, शब्द मात्र त्यात बुडून जात. पंधरा दिवसांनी यंत्र डबीत गेलं ते तिथेच राहिलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते वर्गात काढायचे, एवढंच बाईंना हवं होतं.

‘अगं, सांगून टाक मुख्याध्यापकांना,’ घरी मोठी बहीण समोर बसून सांगे. ‘कचेरीतलं काम देतील. पगार तोच.’

‘कचेरीत बसायला मी बाई झाले नाही, ताई.’

‘मग चौदा महिने काय, पोरांच्या ओठांवर काढणार?’

बाई तेच करत होत्या. वर्गात नियम एकच होता: हात वर करायचा, बाईंची नजर आपल्यावर आली की उभं राहायचं आणि बाईंकडे बघून बोलायचं. कुणी तोंडापुढे वही धरली तर बाई म्हणत, ‘तोंड दिसू दे, मला दात मोजायचेत.’ मुलांना ती शिस्त वाटे.

एके दिवशी वकील उभी राहिली. ‘बाई, आज डब्यात काय आणलंत?’

‘कालचंच. बस खाली.’

वर्ग पोट धरून हसला. बाईही हसल्या. हसू जरा जास्तच लांबलं, एवढं त्यांना जाणवलं. घरी चपला काढताना त्या थबकल्या. बोलताना त्या मुलीचा गळा हललाच नव्हता. तिनं नुसते ओठ हलवले होते.

पुढच्याच आठवड्यात प्रयोगाच्या तासाला बाई फळ्यावर ज्योतीची आकृती काढत होत्या. त्या वळल्या तेव्हा अर्धा वर्ग उभा होता आणि वकील एका मुलीचा हात नळाखाली धरून बसली होती. तापलेली काचनळी बोटांना चिकटली होती. त्या मुलीनं तीनदा हाक मारली होती. वाटाण्याएवढे दोन फोड आले. बाई मलम लावत असताना ती मुलगी तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, ‘दु-ख-त ना-ही, बा-ई.’

त्या संध्याकाळी बाईंनी अर्ज लिहिला: मला वर्गावरून काढावं. घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

सकाळी वर्गात शिरल्या तर बसण्याची व्यवस्था बदललेली. ज्याचा पाय क्षणभर स्थिर राहत नसे तो ‘पंखा’ शेवटच्या बाकावरून पहिल्यावर आला होता. फळ्यापुढे लाकडी फळ्यांचा चौथरा होता. बाई पाठमोऱ्या असताना कुणाला काही हवं असलं, की पंखा चौथऱ्यावर टाच आपटे आणि बाईंच्या तळव्यांना ते कळे.

‘बाई, याच्या पायाला काहीतरी काम द्यायलाच हवं होतं,’ वकील म्हणाली. ‘आणि दिवा पेटलेला असताना तुम्ही फळ्याकडे वळायचं नाही. ठरलंय आमचं.’

कान हा शब्द कुणी काढला नाही. अर्ज पर्समध्येच राहिला. रोज त्या तो मुख्याध्यापकांकडे न्यायला म्हणून आणत आणि रोज घरी नेत.

पाच महिन्यांनी तपासणीचे साहेब आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मुलांनी आठवडाभर तयारी केली होती. साहेबांनी मागून काही विचारलं की टाच वाजे, बाई वळत, आणि वकील उठून म्हणे, ‘बाई, साहेब विचारतायत की…’ साहेबांना ती आगाऊ वाटली, एवढंच.

मग साहेब स्वतः फळ्यापाशी आले. पाण्याच्या पेल्याचं चित्र काढता काढता त्यांनी विचारलं, ‘थंड पाण्याचा पेला बाहेरून ओला का होतो?’

चाळीस हात वर झाले. कुणी बोललं नाही. साहेबांची पाठ होती ना.

‘कुणालाच येत नाही?’

पंख्यानं टाच आपटली. साहेब दचकून वळले, तशी वकील उभी राहिली आणि रोजच्यासारखं तोंड भरपूर उघडून, सावकाश म्हणाली, ‘हवेतली… वाफ… थंड… होते… साहेब.’

दुसऱ्यानं तसंच सांगितलं. तिसऱ्यानंही. आपण वेगळं काही करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

‘मी बहिरा वाटतो का रे तुम्हाला?’ साहेब म्हणाले.

कुणी हसलं नाही. चाळीस मुलांनी एकदम बाईंकडे बघितलं, आणि लगेच खाली.

साहेब माणूस वाईट नव्हता. तास संपल्यावर तो बाईंसमोर येऊन उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघत हळू बोलला, ‘बाई, उद्या एखादं मूल भाजलं तर?’

‘भाजलंय,’ बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून अर्ज काढून दिला. घडीवर तो फाटायला आला होता.

आता बाई जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसतात आणि दाखले लिहितात. परवा मधल्या सुट्टीत टेबल हादरलं. दारात पंखा, वकील आणि आणखी सातआठ जण होते.

‘बाई, नवे सर म्हणतात, हा वर्ग मठ्ठ आहे. विचारलं तर तोंड उघडत नाही.’

‘मग उघडत का नाही?’

‘ते फळ्याकडे बघून विचारतात.’

बाईंनी टाक खाली ठेवला. ‘सरांना ऐकू येतं. त्यांच्या पाठीशी बोलायचं. थांबायचं नाही, टाच आपटायची नाही. आत्ता सवय करा. मी वळते, तुम्ही बोला.’

त्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कपाटात गठ्ठ्यांवर धूळ होती. त्यांनी मनात तीसपर्यंत आकडे मोजले आणि वळून बघितलं.

सगळे ओळीनं उभे होते. तोंडं मिटलेली, हात वर.

‘पुन्हा,’ म्हणून बाई कपाटाकडे वळल्या.