बापूंच्या जीपला नाही म्हणणारी माझी जाऊ

फोन आला तेव्हा मी सुरेखासाठीच डबा भरत होते. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी आणि चोरून ठेवलेला शेंगदाण्याचा ठेचा. दवाखान्यात ठेचा चालत नाही हे मलाही कळत होतं. पण आदल्या दिवशी संभाजीनगरचे डॉक्टर 'सुधारणा आहे' म्हणाले होते, आणि शुद्धीवर आल्या आल्या ही बाई ठेचाच मागणार याची मला खात्री होती. पलीकडून तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा, दिनकरभाऊजींचा आवाज आला, "वहिनी, डबा राहू द्या आता..." एवढंच. डोक्यात रक्तस्राव झाला होता, तो शेवटी आवरलाच नाही. झाकण लावलेला डबा हातात धरून मी किती वेळ उभी होते, देव जाणे.

जावा जावा उभा दावा, असं लोक म्हणतात. आम्हीही भांडलो. आमटीत मीठ दोनदा पडलं म्हणून भांडलो, पाहुण्यांना कुणी चहा करायचा म्हणून भांडलो. पण गेवराईच्या त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारं माणूस तिच्यासारखं दुसरं नव्हतं. सासऱ्यांच्या पिढीपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. त्या घरात ती विज्ञान शिकवणारी बाई म्हणून आली आणि तलवाड्याच्या शाळेला रोज स्वतः गाडी चालवत जाऊ लागली. गाडी चंदेरी रंगाची, छोटी, जुनीच घेतलेली, पण तिच्या पगारातली. त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा तिला नावानिशी ठाऊक होता. बसनं जायचे दिवस संपले तेव्हा ती मला म्हणाली होती, "अक्का, आता मी घरातून निघते तेव्हा माझी मी निघते." मला तेव्हा त्यातलं निम्मंच कळलं.

मागच्या साली हिवाळ्यात बीडच्या बाहेर ऑटोक्रॉस भरणार असल्याचा बोभाटा झाला. आपल्याकडं हे पहिल्यांदाच. मातीच्या मोकळ्या रानात नारिंगी प्लॅस्टिकच्या निमुळत्या टोप्या मांडून वेडावाकडा रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावून कोण किती लवकर फिरून येतं ते बघायचं. त्यात बायकांचा वेगळा गट होता. आमच्या बाईसाहेबांनी कुणाला न विचारता नाव दिलं आणि जेवताना सांगून टाकलं. माझे मालक, म्हणजे बापू, घरातले थोरले. त्यांचा घास हातातच राहिला. नाही म्हणाले नाहीत, पण अट घातली. "जा. पण गाडी पलटली न्हाईतर चारचौघांत हसू झालं, तर दुसऱ्या दिवशीपासनं शाळेला बसनं जायचं. चावी माझ्याकडं." सुरेखानं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "चालतंय." मी मात्र त्या रात्री नीट जेवले नाही. ही चावी गेली की बाईचं काय जाणार, ते एव्हाना मला पुरतं कळलं होतं.

मग गाडी कोणती न्यायची, यावर मुलगी बघायला जाण्याआधी होतात तशा बैठका झाल्या. आमच्या जिल्ह्यात माणसाची पत गाडीच्या उंचीवरून ठरते. बापूंची पांढरी जीप अंगणात उभी असली की तिच्या टपावर कावळासुद्धा विचार करून बसतो. बापूंचं म्हणणं, घरची सून त्या डबड्यात बसून सगळ्या जिल्ह्यापुढं जाणार कावून? जीप न्यावी. "ती दिसली की लोक आपोआप बाजूला होत्यात." यावर सुरेखा अगदी नम्रपणे म्हणाली, "बापू, तिथं लोक नसत्यात. टोप्या असत्यात, त्या बाजूला होत न्हाईत." मी पदरात तोंड घातलं. तरी बापूंचा मान ठेवून तिनं जीप रानात फिरवून बघितली. पहिल्याच वळणाला जीप अशी कलली की बांधावर उभी असलेली मी दोन पावलं मागं सरले. खाली उतरून म्हणते कशी, "गाडी लई भारी हाय. पण वळणावर मी तिला वळवत न्हाई, तीच मला वळवती." दिनकरभाऊजींच्या मित्रानं आपली बुटकी करून घेतलेली, ढुमढुम आवाजाची गाडी देऊ केली. ती ढेकळाला पोट घासून तिथंच बसली. शेवटी सुरेखानं सगळ्यांना सांगितलं, पहिल्या खेपेला मी माझीच नेणार. नवी चप्पल घालून जत्रेला गेलं की पाय सोलतो. हलकी आहे, ठेंगणी आहे, ब्रेक धड आहेत, क्लच कुठं धरतो ते माझ्या पायाला ठाऊक आहे, आणि खेळून झाल्यावर तिच्यातच बसून घरी यायचं आहे... आणखी काय पाहिजे?

इथवर सगळी शहाणपणाची गोष्ट. पण रक्तातली शेती जाते कुठं? कुळव जमीन धरत नसला की आपण त्यावर दगड ठेवतो, म्हणजे त्याचं लोखंडी पातं मातीत रुततं. तर ही विज्ञानाची बाई आणि मी बारावी पास बाई, दोघींनी डोकं लावून गाडीच्या डिकीत सरकीची पोती कोंबली. गाडी माती धरावी म्हणून! सोयाबीन काढलेल्या रानात तिनं जोरात वळण घेतलं आणि गाडीचं बूड असं फिरलं की तोंड आलं त्याच वाटेला झालं. धुरळ्यात मला काही दिसेना. "आगं, हायस का गेलीस?" म्हणून ओरडत मी धावले. बघते तर ही स्टेअरिंगवर डोकं टेकून खदाखदा हसतेय. "अक्का, कुळव बैलामागं वढला जातो. ही पुढच्या चाकांनी चालती! आपण मागं वजन टाकलं, पुढचं हलकं झालं. आणि हे मी पोरांना शिकवते, बरं का!" सरकी म्हशींच्या कामी आली. मीही तिथंच ढेकळावर बसून पोट दुखेस्तोवर हसले.

खेळाच्या दिवशी तपासणीवाल्यानं गाडीतलं सुटं सामान सगळं काढायला लावलं. जॅक, पायपुसणी, पाण्याची बाटली, आणि पुढच्या काचेपाशी बसवलेला खंडोबासुद्धा. देव काढून गाडी पळवायची? सुरेखानं हात जोडले, देव उचलला आणि माझ्या ओटीत दिला. "तुमी दोघं सावलीत बसून बघा," म्हणाली. बापू जीप घेऊन आले होते, पण आमच्यापासून लांब उभे राहिले. तिच्या आधी पुरुषांच्या गटात एकाची उंच गाडी वळणावर दोन चाकांवर गेली. सगळं रान 'आर्र आर्र' करून ओरडलं, तेव्हा कुठं चारी चाकं खाली आली. बापूंनी टोपी काढून घाम पुसला. थंडीतला घाम!

मग आमची चंदेरी सुटली. काय सांगू... ती धाडधाड पळाली नाही. ती अशी गेली जशी सुरेखा गर्दीच्या बाजारातून जायची, कुणाला धक्का नाही, पण थांबायचंही नाही. वळणाआधी दम धरायची आणि वळण संपता संपता सुसाट सुटायची. एक टोपी आडवी केली, तेवढी चूक. नंबर आला मधलाच कुठला तरी. पण कर्ण्यावरून तिचं नाव घेतलं, कुणाची सून म्हणून नाही, नुसतं तिचं नाव, तेव्हा मी खंडोबाला छातीशी धरून उभी राहिले आणि शेजारच्या अनोळखी बाईला ओरडून सांगितलं, "माझी जाऊ हाय ती! माझी जाऊ!" ती बाई बिचारी दचकली. मला आजही त्याची लाज वाटत नाही.

बापू हळूहळू गाडीपाशी आले. चपलेनं पुढचं चाक दाबून बघितलं. सुरेखा चावी मुठीत धरून उभी, आता काय म्हणतात म्हणून. बापू म्हणाले, "हवा तपासून घे. उद्या शाळेला जायचंय तुला." खेळात न डगमगलेली ती बाई तिथं रडली.

यंदाच्या हिवाळ्यात ती गेली. दिनकरभाऊजींना अंगणातली गाडी बघवेना. तेरावं झाल्यावर एक पाहुणे म्हणाले, उभ्या उभ्या गंजेल, काढून टाका. तेव्हा बापू बोलले, "इकायची न्हाई. थोरलीला शिकवायची हाय." थोरली म्हणजे मी, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! डोक्यावर चांदी आलेली बाई मी. म्हटलं, "आवं, लोक काय म्हणतील?" तर म्हणाले, "हसतील. हसू दे की."

परवा तूर काढलेल्या रानात पहिल्यांदा तिच्या गाडीत बसले. शेजारी बापू, गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे मावलेले. माझी सीट पार पुढं सरकवलेली होती, तिनं ठेवली होती तशीच. बापूंनी विचारलं, "मागं घेऊ का?"

मी पाय लावून बघितले. क्लच, ब्रेक, सगळं बरोबर पायाखाली.

"राहू द्या," मी म्हटलं, "पोचतात माझे पाय."