प्रसादासाठी पुढे आलेला हात

नव्वदच्या दशकातली, मी शाळेत असतानाची गोष्ट. आम्ही तेव्हा कन्नड मुलखात राहायचो. माझ्या काखेत गळू झालं होतं. जागाच अशी की संकोचाने मी ते आईलाही दाखवलं नाही. ताप चढला तेव्हा जे. पी. नगरमधल्या एका लहान नर्सिंग होममध्ये ते कापायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी नीट समजावलं होतं. केटामाइनने दुखणं कळत नाही आणि श्वास आपला आपण चालू राहतो, म्हणून लहान शस्त्रक्रियेला ते सोयीचं. पण पोट भरलेलं असलं आणि उलटी फुप्फुसात गेली, तर जिवावर बेततं. शुद्धीवर येताना भलतंसलतं दिसतं, माणूस घाबरतो. ते औषधाचं असतं, एवढं लक्षात ठेव, असंही म्हणाल्या.

सकाळी आत्या देवळातून थेट तिथेच आली. माझ्या नावाने अभिषेक करून तिने शिऱ्याचा डबा आणला होता.

"स्वल्प घे ग, थोडासा."

"आत्या, काही खायचं नाहीये."

"हे काय खाणं आहे? प्रसादाला नाही म्हणतेस? शाळेत हेच शिकवलं वाटतं!"

शेजारच्या खाटांवरच्या बायका बघू लागल्या. तिचा आवाज थांबावा म्हणून मी मुकाट्याने शिरा गिळला. चांगला मूठभर.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं, काही खाल्लंस का? आत्याच कन्नडमध्ये म्हणाली, "छे! पाण्याचा थेंबसुद्धा नाही." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी प्रसाद खाण्यात धरतच नाहीत. मला मात्र सगळं कळत होतं. तरी देवाचा शिरा खाल्ला हे त्या बाईंना इंग्रजीत सांगायची मला लाज वाटली. मनात म्हणाले, देवा, तूच बघ. त्या प्रार्थनेने आजही मान खाली जाते.

बाई सुईचा ट्रे घेऊन वळल्या आणि थबकल्या. तुपाचा वास आला असेल, की डबा दिसला असेल. मी कधी विचारलं नाही. ट्रे बाजूला ठेवून त्यांनी डाव्या हातावर उजवा हात धरून तो आत्यापुढे केला.

"अक्का, प्रसाद ना? मला नाही का?"

आत्याचा चेहरा खुलला. "घ्या की! हिनेही आत्ताच घेतला, पोटभर."

बाईंनी शिरा डोळ्यांना लावून तोंडात टाकला. मग माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"संध्याकाळी करू. तोवर प्रसादसुद्धा नको, अक्का. सरी?"

"सरी, सरी, बरं," आत्या ओशाळून म्हणाली.

संध्याकाळी सुई टोचली. छत लांब गेलं, माझा हात माझा राहिला नाही, पांढऱ्या उजेडात मी कुठेतरी तरंगत होते. मग घाबरून, रडत जागी झाले. आत्या कानाशी वाकली होती. "दर्शन झालं का ग?"

"ते औषधाचं होतं, आत्या." ती हिरमुसली. मी तिचा हात धरला. "दर्शन सकाळी झालं."

तिला ते कळलं नाही. 'तूच बघ' म्हणून गप्प बसण्याला मी शरण जाणं समजत होते, ते खरं तर लपणं होतं. माझं तोंड उघडेना, तेव्हा देवानेच त्या बाईंच्या रूपाने हात पुढे केला. आता कुणी प्रसाद दिला की मी तसाच, डाव्या हातावर उजवा हात धरून घेते, आणि आधी त्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार करते.