चेनमध्ये अडकलेला कापूस

तेल दिलेली सायकल मी भरल्या कापसात घातली. हा माझा मूर्खपणा. बाकीचं त्याच्या मागून आलं, आणि ते मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, लेकींपाशी नाही. तुम्हाला सांगते. हसा खुशाल. मीही हसतेच त्या बाईला. ती मीच होते म्हणून काय झालं?

आमच्या बैठकीत एक फोटो आहे. गळ्यात हार, हातात निळी सायकल, तोंडावर दिल्ली जिंकल्याचा थाट. नातवंडं आल्यागेल्याला सांगतात, आमची आजी यवतमाळहून दिग्रसपर्यंत सायकलने आली होती! मी गप्प बसते. नुसती गप्प असते तर एक वेळ ठीक — मी पदर सावरून लाजते.

कापसाने घरंच्या घरं बसवली, ती वर्षं. आमच्या दिग्रसच्या शाळेतल्या मुली एकेक करून दिसेनाशा व्हायला लागल्या. घरातला कर्ता गेलेला, गाव लांब, यायचं कसं? म्हणून आम्ही शिक्षकांनी लोकांकडून नव्या सायकली मिळवल्या आणि ठरवलं, टेम्पोत घालून न्यायच्या नाहीत. यवतमाळहून आपणच चालवत आणायच्या. वाटेतली गावं बघतील, आणखी कुणी देईल. शेवटी शाळेच्या पटांगणात, ज्याने जी सायकल आणली ती त्यानेच एका मुलीच्या हाती द्यायची.

कल्पना राठोडबाईंची. गणित शिकवायच्या. तांड्यातली पहिली शिकलेली मुलगी, अंगाने काटकुळी, पण चढावर अशी सायकल मारायच्या की पुरुष मास्तर खाली बघायचे. आणि मी? मी आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगत फिरत होते, "माझं काही नाही हो, मले सवय आहे!" सवय होती ती खुर्चीची.

दारव्हा मागे पडलं आणि माझे गुडघे बोलू लागले. "व्हा तुम्ही पुढं, मी येतेच," म्हटलं. सगळे दिसेनासे झाले — आणि मागून आला कापसाचा मेटाडोर. हात केला. सायकल वर, मी वर. तेलाचा डाग पडला की कापसाचा भाव कसा पडतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. मला त्या क्षणी काही आठवलं नाही. पुढे सगळे हॉटेलात चहा पीत होते, तेव्हा मी नाकापर्यंत कापसात शिरले. शिक्षिका! मूल्यशिक्षणाचा तास घेणारी!

दिग्रस जवळ आल्यावर उतरले. उतरवताना सायकल हातून निसटली, पुढचं चाक वाकलं. ब्रेकला घासू लागलं. मी कडुनिंबाखाली बसून राहिले. थोड्या वेळाने सगळे आले. "अरे, बाई तर आपल्या पुढे!" टाळ्या. मी — काय सांगू — मी नमस्कार केला.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. आता पुढचं.

राठोडबाई तोंड धुवायला हातपंपावर गेल्या. सायकली सगळ्या सारख्या, सगळ्या निळ्या. मी माझी त्यांच्या जागी लावली आणि त्यांची घेतली. कुणी पाहिलं नाही.

शाळेत त्या सर्वांत शेवटी पोचल्या, घासणारं चाक रेटत, घामाने निथळत. हेडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, पोरीची वस्तू होती. जपायची होती." राठोडबाईंच्या वाट्याची मुलगी, रेखा, नवा फ्रॉक घालून दोन्ही हात पुढे करून उभी होती. ते हात तिने हळूच मागे घेतले. राठोडबाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या, "उद्या तुया दारात आणून देतो, बेटा." मी हार घालून फोटोला उभी होते. बोलायला किती वेळ लागला असता? चार शब्द. मी मान तिरपी केली, फोटो बरा यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी चाक सरळ करून त्या स्वतः सायकल चालवत रेखाच्या वस्तीवर गेल्या. अशी माणसं मी फार पाहिली नाहीत. त्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं डबा खाल्ला, हेच माझं भाग्य. त्यांचं काय, ते मी बोलू नये.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. रुमालाची गाठ सोडली आणि माझ्या डब्याच्या झाकणावर कापसाचा एक बोळा ठेवला, तेलाने काळाकुट्ट झालेला. त्यांनी माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली, तोंडात टाकली आणि म्हणाल्या,

"चेनमंधून निंगाला, मालूबाई. मेटाडोरात झोप तरी लागली का? आता आयका — त्या रेखाले सायकल चालवताच येत नाही. दर रविवारी शिकवाले एक बाई येईन म्हणून सांगतलं मी तिले. तुमचंच नाव सांगून आली मी."