सोमशेखरचे काळे फोटो

सोमशेखरच्या स्टुडिओला लागून माझं फ्रेमांचं दुकान. तो फोटो काढायचा, मी फ्रेम घालायचो, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघांचं पोट बरंचसं मेलेल्या माणसांवर चालायचं. आमच्या पेठेत लिंगायताच्या घरात कुणी गेलं, की एक निरोप जंगमाला, म्हणजे त्यांच्या पुरोहिताला, जायचा आणि दुसरा सोमशेखरला. त्यांच्यात मयताला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, कपाळावर विभूती ओढून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. मग घरातले एकेक जण शेजारी बसून फोटो काढून घेतात. जिवंतपणी ज्याच्याजवळ घडीभर बसायला सवड नव्हती, त्याच्याशेजारी त्या दिवशी सगळ्यांना बसायचं असतं. मला याचा फार राग यायचा. सोमशेखरला येत नसे, तो स्वतःही त्यांच्यातलाच.

उलट या कामात तो जीव ओतायचा. फ्लॅश कधीच मारायचा नाही. "फ्लॅशनं मेलेला माणूस मेलेलाच दिसतोय, पिराजी," म्हणायचा. मयताला दाराकडं तोंड करून बसवायला लावायचा आणि स्वतः दारात उभा राहून, अंगणातून आत जाणाऱ्या उजेडावर फोटो घ्यायचा. फिल्मच्या काळात उजेड किती आणि लेन्स किती उघडायची, हे तो स्वतः ठरवायचा. दोन हजार पाच साली त्यानं डिजिटल कॅमेरा घेतला आणि ते काम कॅमेऱ्यावर सोपवलं. कॅमेरा उजेड मोजायचा, आपला आपणच ठरवायचा. फोटो झकास यायचे. मग कोण कशाला डोकं चालवतंय?

पुढच्या वर्षी त्याची आई, रत्नव्वा, गेली. सोमशेखर तेव्हा वारणानगरला एका लग्नात फोटो काढत होता. मोबाइल पिशवीत पडलेला. सकाळपासून ती "सोमू आला का?" म्हणून विचारत होती म्हणे. तो पोचला तेव्हा तिला बसवून झालं होतं.

फोटो त्यानंच काढले. भाऊ, भावजय, नातवंडं, रत्नव्वाची धाकटी बहीण, म्हणजे याची चिक्कव्वा, सगळ्यांचे झाले. मग त्याची बायको म्हणाली, "अवो, तुमचा ऱ्हायला की." खरंच राहिला होता. जन्मभर लोकांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा आईबरोबर एकही फोटो नव्हता. मी कॅमेरा घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाला, "नगं, तुझा हात हलतोय." दारात स्टँडवर कॅमेरा लावला, टायमर सुरू केला आणि पळत जाऊन आईशेजारी बसला. असं तीनदा केलं. तोवर मयताला बसवून न्यायचं विमान, म्हणजे सजवलेली पालखी, दाराशी आलं, माणसं आटपा आटपा करू लागली. त्यानं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर बघितलं, फोटो काळपट दिसत होता. "उनामुळं दिसत न्हाय नीट," म्हणाला आणि आईला उचलायला धावला.

संध्याकाळी संगणकावर बघितलं तर बाकी सगळे फोटो लख्ख, आणि याचे तिन्ही काळेठिक्कर. विभूतीच्या पट्ट्या तेवढ्या पुसट दिसत होत्या. संगणकावर उजळवून बघितलं तर नुसती वाळू पसरल्यासारखं दिसलं.

चिक्कव्वानं ते बघितलं आणि फटकन बोलून मोकळी झाली, "सगळ्यांसंगं बसली की अक्का. तुझ्यासंगं तेवडी बसली न्हाय. वाट बघून बघून गेली ती." असल्या माणसांना मयताच्या घरात येऊच देऊ नये. पण ते बोलणं सोमशेखरच्या काळजात रुतून बसलं.

मग कॅमेऱ्यातला दोष शोधणं हेच त्याचं आयुष्य झालं. लेन्स बदलली, बॅटरी बदलली. उजेड मधोमध मोजायचा की सगळीकडचा, ते बटण सगळ्या बाजूंनी फिरवलं. पांढऱ्या भिंतीचा फोटो, काळ्या छत्रीचा फोटो. कॅमेऱ्याला डोळा लावावा, बटण दाबावं, फोटो उत्तम! पुण्याला सर्व्हिसिंगला पाठवला, तिथूनही दोष नाही म्हणून परत आला. लग्नाची कामं त्यानं सोडली. "कॅमेऱ्यात न्हाय, तर मग कशात हाय?" असं मला विचारायचा.

उलगडा झाला तो माझ्या दुकानासमोर. मला माझ्या फ्रेमांचे फोटो हवे होते म्हणून त्यानं सावलीत फ्रेमा मांडल्या आणि उन्हाकडं पाठ करून कॅमेरा स्टँडवर लावला. बाजूला उभा राहून बटण अर्धं दाबलं. डोळा लावायला वाकला, तसा कॅमेऱ्यानं मोजलेल्या उजेडाचा आकडा झपकन उतरला. सरळ झाला, आकडा चढला. पुन्हा वाकला, उतरला. मग त्यानं मागच्या भोकावर, जिथं डोळा लावतात तिथं, नुसता तळहात ठेवला, तरी आकडा उतरलाच.

त्या भोकातूनही उजेड आत शिरतो. डोळा लावलेला असला की भोक बंद असतं. तो आईशेजारी जाऊन बसला तेव्हा कॅमेऱ्यामागं कुणीच नव्हतं. अंगणातलं ऊन तिथून आत घुसलं, आणि उजेड बक्कळ आहे असं समजून कॅमेऱ्यानं लेन्समधून येणारा उजेड कमी केला. तपासताना तर याचा डोळा कायम लावलेला, मग दोष सापडणार कसा? भोक झाकायला रबराचं झाकण कॅमेऱ्याच्या गळ्यात घालायच्या पट्ट्यालाच अडकवलेलं असतं. ती शोभेची वस्तू आहे असंच तो समजत होता.

मला वाटलं, सुटला एकदाचा. म्हटलं, "बघ, रत्नव्वाचा राग न्हवता तुझ्यावर."

"राग असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "ती कवातरी निवळली असती. झाकण माझ्या गळ्यात लोंबत हुतं, पिराजी."

दुसऱ्या दिवशी तो फोटोची प्रिंट घेऊन आला. घरी जाऊन, झाकण लावून, दारातून तसाच टायमरवर काढलेला. "खात्री करून घेतली," म्हणाला. फोटो उत्तम आला होता. भिंतीचे पोपडे, सतरंजीची किनार, त्याच्या गालावरचे खुंट, सगळं स्वच्छ. एका कडेला सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून तो बसला होता.